गोष्टीतलं पाखरू, झाडावरचं पाखरू

मोझांबिकच्या उत्तरेला नियासा नावाचं अफाट रान आहे. तिथले याओ लोक मध काढायला निघाले की चालता चालता तोंडानं एक आवाज काढत राहतात: आधी जिभेची लांब थरथर, तिच्या शेवटी घशातला हुंकार. ब्र्र्र्र-हम्. एरवी हा आवाज कुणी काढत नाही. एकमेकांना हाक मारायला नाही आणि गंमत म्हणून तर नाहीच. तो एका पाखरासाठी राखून ठेवलेला आहे. पाखरू बुलबुलाएवढं, मातकट रंगाचं, सहज नजरेत न भरणारं. उडताना शेपटीच्या कडेची पांढरी पिसं तेवढी चमकतात. मराठीत त्याला मधदर्शक म्हणू या.

ते येतं, जवळच्या फांदीवर बसतं आणि काड्यापेटी हलवल्यासारखा खडखडाट करतं. थोडं पुढे उडून पुन्हा बसतं. माणसं मागोमाग निघतात. पोळं जवळ येत जातं तसं त्याच्या थांब्यांमधलं अंतर कमी होतं आणि बसायच्या फांद्या खाली येतात. मुक्कामाला पोचलं की त्याचा आवाज मऊ होतो, दोन आवाजांमधलं अंतर वाढतं आणि शेवटी ते गप्प बसून राहतं. इथून पुढचं काम माणसाचं. खोडातलं भोक हेरायचं, जा-ये करणाऱ्या माश्या बघायच्या. मग वाळक्या काटक्यांचा जुडगा हिरव्या पानांत गुंडाळून, काठीच्या टोकाला बांधून धूर द्यायचा आणि कुऱ्हाड चालवायची. मध माणसाचा, मेण पाखराचा. मेण पचवणारे पक्षी जगात मोजकेच आहेत, त्यांतला हा एक. ढोलीतलं पोळं त्याला ठाऊक असतं, पण फोडता येत नाही. फोडायला गेलं तर माश्या डसून जीव घेतील. माणसाचं नेमकं उलटं: फोडता येतं, सापडत नाही.

मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या सोफाला इथल्या ख्रिस्ती मठात राहणाऱ्या झुआंव दुश सांतुश या पोर्तुगीज पाद्र्यानं १५८८ साली हे पाखरू चर्चमध्ये शिरून मेणबत्त्या टोचताना पाहिलं होतं. माणसांना ते पोळ्यापर्यंत नेतं हेही त्यानं लिहून ठेवलं. पुढची चारशे वर्षं बाहेरच्या जगाला ती एक गोड दंतकथाच वाटत राहिली. १९८९ मध्ये केनियातल्या बोरान लोकांबरोबरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाखराच्या मदतीविना पोळं शोधायला सरासरी ८.९ तास लागत होते, मदतीनं ३.२ तास. पाखरू दिशा दाखवतं, अंतर सांगतं आणि पोचल्याची खूण देतं, असं बोरान सांगत. तिन्ही गोष्टी मोजमापात खऱ्या निघाल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियासात ‘ब्र्र्र्र-हम्’चं ध्वनिमुद्रण वाजवून पाहिलं होतं. इतर आवाजांनी पाखरू सोबत येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास राहिली, या हाकेनं ती ६६ टक्क्यांवर गेली. टांझानियातले हाड्झा हीच हाक शिळेनं घालतात, सुरेल आणि वळणावळणाची. तिथलं पाखरू त्या शिळेला ओळखतं, याओंच्या हुंकाराकडे फारसं वळत नाही. म्हणजे मधाची वाट दाखवणं पाखराच्या रक्तात आहे, पण माणसाची हाक कोणती ते त्याला त्या त्या भागात राहून शिकावं लागतं. ते आईबापांकडून शिकत असेल असंही म्हणता येत नाही. कोकिळेसारखी याचीही अंडी दुसऱ्याच्या घरट्यात असतात. अंड्यातून आलेल्या पिल्लाच्या चोचीला अणकुचीदार आकडे असतात आणि डोळे उघडण्याआधीच ते त्या आकड्यांनी घरच्या पिल्लांना मारून टाकतं.

आता दंतकथा. आफ्रिकेत दूरदूरच्या जमातींमध्ये ती सापडते. मधदर्शकाला त्याचा वाटा दिला नाहीत तर पुढच्या खेपेला तो तुम्हाला पोळ्याऐवजी सापाकडे नेतो, बिबट्याकडे नेतो, झोपलेल्या सिंहापुढे उभं करतो. याओ ही गोष्ट अक्षरशः पाळतात, मेणाचा तुकडा हिरव्या पानांवर मांडून ठेवतात. हाड्झांची रीत मात्र वेगळी. ते उरलेलं मेण जाळतात, पुरतात किंवा लपवतात. पाखराचं पोट भरलं तर ते आज पुन्हा वाट दाखवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. एकाच पाखराबद्दल दोन जमातींची दोन धोरणं आणि दोन्ही अनुभवातून आलेली. ‘निसर्गाशी एकरूप झालेले आदिवासी’ असलं सरधोपट वाक्य लिहिणाऱ्याला हा फरक कधी दिसत नाही. सिंहाची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ती करार पाळायला लावणारी गोष्ट आहे. करार मोडणारे असतात, म्हणून तर ती सांगावी लागते.

पक्ष्यांच्या आदिवासी कथा वाचणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारावा तो हा: हे पाखरू नेमकं कोणतं? ‘गरुड म्हणजे शौर्य, घुबड म्हणजे मृत्यू, कबूतर म्हणजे शांती’ अशा याद्या आपण आवडीनं वाचतो. त्या कुठल्याच लोकांच्या नसतात, कारण त्यांत ना जात असते, ना ऋतू, ना जागा. कथेतलं पाखरू आधी झाडावर बसलेलं असतं. त्याची शेपटी, त्याची ओरड, त्याची खोड माहीत झाली की कथेचे अर्धे सांधे आपोआप उलगडतात.

आओतेआरोआ, म्हणजे न्यूझीलंड. तिथल्या माओरींचा माउई हा अचाट करणी करणारा वीर. त्याला मृत्यूला जिंकायचं होतं. त्यासाठी त्यानं रात्रीची आणि मृत्यूची देवी हिने-नुई-ते-पो झोपली असताना तिच्या देहात शिरून पलीकडे निघायचं ठरवलं आणि सोबतच्या पाखरांना बजावलं, काही झालं तरी हसू नका. पिवाकावाकाला, म्हणजे पंखाशेपटी नाचणाला, हसू आवरलं नाही. देवी जागी झाली, माउई मेला आणि माणसाच्या वाट्याला मरण आलं. पाखरू प्रत्यक्ष पाहिलं की कळतं, कथेला हेच का हवं होतं. पिवाकावाका क्षणभरही स्थिर बसत नाही. शेपटीचा पंखा उघडत, मिटत, सारखी चिवचिव करत ते रानात चालणाऱ्या माणसाच्या अगदी जवळून फिरतं, कारण पावलांनी उडणारे किडे त्याला हवे असतात. असंच ते कधी कधी घरातही शिरतं. पिवाकावाका घरात आला की कुणाचं तरी मरण जवळ आलं, हा माओरींचा जुना समज माउईच्या कथेला जोडूनच आहे.

त्यांच्याच परंपरेत कुआका हा पाणटिवळा येतो. कुआकाचं घरटं कुणी पाहिलंय, असा प्रश्न म्हणीसारखा विचारला जातो. बरोबरच आहे. हा पक्षी न्यूझीलंडच्या खाड्यांत उन्हाळाभर हजारोंनी दिसतो, पण त्याचं घरटं तिथे कधीच सापडत नाही. घरटी अलास्कात असतात. २००७ मध्ये पाठीवर उपग्रह-खूण बसवलेली एक मादी अलास्काहून निघाली आणि कुठेही न उतरता सुमारे ११,७०० किलोमीटर उडून न्यूझीलंडला पोचली. २०२२ मध्ये काही महिन्यांच्या एका पिल्लानं अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचं अंतर अकरा दिवसांत कापलं. म्हणीनं प्रश्न अचूक विचारून ठेवला होता, उत्तर मिळायला उपग्रह लागले.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातले कालाम लोक उडणाऱ्या पाखरांना ‘याक्त’ म्हणतात आणि त्यात वटवाघळंही धरतात. कॅसोवरी मात्र त्यात नाही. धिप्पाड, न उडणारा, हाडाच्या टोपाचा हा पक्षी त्यांच्या हिशेबात स्वतंत्र वर्गात बसतो. तिथे काही काळ राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ राल्फ बुल्मर यांनी १९६७ मध्ये या एकाच प्रश्नावर अख्खा निबंध लिहिला: कॅसोवरी पक्षी का नाही? उत्तर शरीररचनेत संपत नाही. कालामांच्या मनात कॅसोवरी नात्यातला आहे, आतेमामे भावंडांच्या जवळचा. म्हणून त्याच्या शिकारीला वेगळी पथ्यं आहेत. त्याचं रक्त सांडायचं नाही, म्हणजे बाण-भाला नाही. मारणाऱ्यानं नंतर काही काळ अळूच्या मळ्यात पाऊल टाकायचं नाही. ‘आदिवासींना वर्गीकरण येत नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की कालामांचं वर्गीकरण आपल्याहून एक प्रश्न जास्त विचारतं: हा आपला कोण लागतो?

याच बेटावर पिटोहुई नावाचा काळा-नारिंगी पक्षी आहे. कातडी आणि पिसं काढल्याशिवाय तो खायचा नाही, चव कडू लागते, हे तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. संशोधकांना ते कळलं ते जाळीतून सोडवताना या पक्ष्यानं बोट ओरबाडलं, बोट तोंडात गेलं आणि तोंड बधिर झालं तेव्हा. १९९२ मध्ये निष्कर्ष छापून आला. पिसांत आणि कातडीत बॅट्रॅकोटॉक्सिन हे विष आहे, दक्षिण अमेरिकेतल्या विषारी बेडकांत सापडतं तेच.

पण प्रत्येक परंपरेखाली असं सरळ निरीक्षण सापडेलच असं धरून चालणंही चूक. कधी पाखराच्या माहितीपेक्षा पाखराच्या अनिश्चितपणाचाच उपयोग असतो. बोर्निओतल्या इबानांचे शकुन हे याचं उत्तम उदाहरण आणि त्यावर थोडं थांबायला हवं.

इबानांचा शकुनदेव सिंगालांग बुरुंग. पृथ्वीवर तो ब्राह्मणी घारीच्या रूपात दिसतो. त्याचे सात जावई म्हणजे सात शकुनी पाखरं. केतुपोंग हा नखभर सुतार, पांगकास हा तांबूस सुतार, बेरागाई आणि केलाबू पापाऊ हे दोन लालभडक पोटाचे कर्णे, म्हणजे ट्रोगॉन, बेजामपोंग हा तुरेवाला रानपक्षी, एम्बुआस हा पट्टेरी खंड्या आणि नेंदाक म्हणजे गोड गळ्याचा शामा. ही विद्या माणसाला कशी मिळाली याची कथा अशी. सिऊ नावाचा तरुण फुंकनळी घेऊन पाखरं मारायला गेला, वाट चुकला आणि सिंगालांग बुरुंगाच्या घरी पोचला. देवाच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तिची अट एकच होती: यापुढे पाखराला इजा करायची नाही, हातातसुद्धा धरायचं नाही. मुलगा झाला, वर्षं गेली आणि एके दिवशी दुसऱ्यानं आणलेलं पाखरू सिऊनं नकळत हातात घेतलं. ती निघून गेली. बाप आणि मुलगा तिच्या शोधात आजोबांच्या घरी गेले. तिथे नातवाला, सेरा गुंतिंगला, आजोबांनी शकुन शिकवले: शेत कुठे धरायचं, कधी थांबायचं, कोणता आवाज कोणत्या बाजूनं आला तर काय.

फिरत्या शेतीसाठी दरवर्षी रानाचा नवा तुकडा निवडायचा असतो. घरातला जाणता माणूस पहाटे संभाव्य जागेकडे निघतो आणि पाखराच्या आवाजाची वाट बघतो. कोणतं पाखरू, डावीकडे की उजवीकडे, ओरडीचा प्रकार कोणता, आधी कोण आणि नंतर कोण, या सगळ्यांवर कौल ठरतो. कौल वाईट आला तर जागा सोडायची. शेजारच्या घराला तीच जागा चालूही शकते, कारण प्रत्येक घराचे शकुन वेगळे, वाचायची रीतही थोडी वेगळी.

बोर्निओच्याच इंडोनेशियातल्या भागात, पश्चिम कालिमांतानमधल्या कांतू लोकांतही अशीच सात पाखरं आणि असाच कौल आहे. तिथे काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ मायकेल डव्ह यांनी एक गोष्ट नेमकी पकडली. पाखराचं ओरडणं आणि त्या जागेचं भाताचं पीक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि नेमकं तेच कामाचं आहे. त्या रानात पाऊस कधी आणि किती, पूर येणार की ओढ बसणार, कीड कुठे पडणार, हे आधी सांगता येत नाही. गेल्या वर्षी ओढ्याकाठचं शेत पिकलं म्हणून सगळं गाव यंदा ओढ्याकाठी उतरलं आणि पूर आला, तर सगळं गाव उपाशी. पाखरांचा कौल घराघरांना वेगवेगळ्या जागी पांगवतो. कुणाचं उंचावर, कुणाचं सखल, काहींचं जातं, काहींचं येतं आणि गाव तरतं. पाखरू खरं बोलतं असं इथे कुणाला सिद्ध करावं लागत नाही. माणसाला गेल्या वर्षीच्या यशाला चिकटून राहायची जी खोड असते, ती मोडायचं काम पाखरू करतं. इबानांची श्रद्धा एवढ्यानं संपते असं मात्र समजू नये. त्यांच्यासाठी केतुपोंग हा देवाचा जावईच आहे, गणिती युक्ती नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पापुआ न्यू गिनीतल्या बोसावीच्या रानात कालुली लोक आहेत. त्यांची एक कथा वाचून कुणाच्याही घशाशी आवंढा येईल. बहीण-भाऊ ओढ्यात झिंगे धरायला जातात. भावाला एकही मिळत नाही. तो बहिणीकडे मागतो, ती नाही म्हणते: हा आईसाठी, हा बापासाठी. शेवटी त्याला एक छोटा झिंगा सापडतो. त्याचं लाल कवच तो नाकावर चढवतो. नाक लाल होतं, हातांचे पंख होतात आणि तो मुनी पाखरू होऊन उडून जातो. बहीण रडते, परत ये, घे सगळे झिंगे. वरून फक्त त्याचं रडणं ऐकू येतं. मुनी म्हणजे फळं खाणारा छोटा हिरवा पारवा. त्याची हाक वरच्या सुरातून पायऱ्या उतरत खाली येते. कालुली बायका मेलेल्या माणसासाठी रडतात ते याच उतरत्या सुरांत आणि त्यांची गाणीही याच सुरांवर बांधलेली असतात. बहीण भावाला खायला नाही म्हणाली, म्हणजे नातंच तुटलं. त्या एकाकीपणाला रानात आधीच सूर होता, माणसांनी तो उचलला.

निर्मितीच्या कथांत पाखरू बहुतेक पाण्यावर उडताना भेटतं. संथाळांच्या कथेत सगळीकडे पाणीच पाणी असताना ठाकूर जिऊ हास आणि हासील ही हंसांची जोडी घडवतो. उडून उडून त्यांना बसायला जागा नाही. मग गांडूळ कासवाच्या पाठीवर माती आणून टाकतं, जमीन होते. हंसांच्या दोन अंड्यांतून पिलचू हाडाम आणि पिलचू बुढी, पहिला पुरुष आणि पहिली स्त्री, बाहेर येतात. मध्य भारतातल्या परधान गोंडांच्या कथेत बडादेव आपल्या छातीवरच्या मळापासून कावळा करतो आणि माती शोधायला धाडतो. दमलेला कावळा पाण्यातून वर आलेल्या खुंटावर टेकतो. तो खुंट म्हणजे राक्षसी खेकड्याची नांगी निघते. पुढे खेकडा तळाशी जाऊन गांडुळानं गिळलेली माती ओकायला लावतो. दोन्हीकडे गांडूळच आहे. शेत करणाऱ्या माणसांनी माती कोण करतं हे बरोबर ओळखलं होतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडचे मूळनिवासी सांगतात की माणसाच्या आधी आग पाखरांकडे होती. हे त्यांच्या विधींतही आहे. जळती काडी हातात घेऊन पाखराची भूमिका करणारा माणूस आग पुढे नेतो. २०१७ मध्ये मूळनिवासी जाणकार, वणवा विझवणारे कर्मचारी आणि संशोधक यांच्या नोंदी एकत्र करून लेख छापला गेला. तीन शिकारी पक्षी वणव्यातून धुमसती काटकी पंजात किंवा चोचीत उचलतात आणि न जळलेल्या गवतात नेऊन टाकतात, कधी एक किलोमीटरपर्यंत. गवत पेटतं, सरडे-टोळ-उंदीर बाहेर पळतात, पाखरं टिपतात. ते तीन म्हणजे शिट्टी घार, तपकिरी ससाणा आणि आशिया-आफ्रिकेतल्या शहरांवर घिरट्या घालते ती आपली ओळखीची काळी घार. यातून व्यवहाराची गोष्ट निघते. आग अडवायला रुंद पट्टा जाळून किंवा नांगरून ठेवला, ओढा आडवा आला, तरी आग पलीकडे जाऊ शकते. पट्टा कुठे कमी पडला हे शोधत बसणाऱ्यानं आकाशाकडेही बघायला हवं.

पिसांचा विषय आला की आनंदाबरोबर दुःखही येतं. माओरींचा हुइया हा काळाभोर पक्षी. शेपटीत बारा पिसं, प्रत्येकाचं टोक पांढरं. मादीची चोच लांब आणि कमानदार, नराची आखूड आणि दणकट. हे पीस मोठ्या घराण्यातल्या माणसानंच माळायचं. ते ठेवायला कोरीव झाकणाची लाकडी पेटी असे, तिलाच वाका हुइया म्हणत. पेटी छताला टांगायची, म्हणून तिचा तळही वरच्या बाजूइतकाच नक्षीदार. खाली बसलेल्याला दिसतो तो तळच. हुइयाची शीळ माणसानं घातली तर तो उड्या मारत जवळ यायचा, इतका निर्धास्त. तोवर पीस मोजक्या डोक्यांवर होतं, म्हणून पक्षी टिकला. मग संग्रहालयं आणि हौशी संग्राहक आले, जंगल तुटून कुरणं झाली, बाहेरून आलेले शिकारी प्राणी माजले. १९०१ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क या ब्रिटिश राजपुत्राच्या भेटीत त्याच्या टोपीला हुइयाचं पीस खोवलं गेलं आणि ते कुणालाही हवंहवंसं झालं. २८ डिसेंबर १९०७ नंतर हुइयाची खात्रीलायक नोंद नाही. वाका हुइया शिल्लक आहेत, शीळही माणसांच्या तोंडून ध्वनिमुद्रित झालेली आहे. पक्षी तेवढा नाही.

अरुणाचल प्रदेशातल्या न्यिशींवरही अशीच वेळ येऊ घातली होती. न्यिशी पुरुष विणलेली वेताची टोपी घालतो, ब्योपा. तिच्या पुढच्या बाजूला महाधनेशाची चोच बसवलेली असते. धनेश मारला तर काय होतं हे त्याच्या घरट्यावरून समजतं. मादी जुन्या, उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा चोथा लिंपून तोंड बंद करून घेते. उरते ती फक्त चोच जाईल एवढी उभी चीर. आत ती उडायची पिसं झाडते, एक-दोन अंडी घालते, सुमारे चाळीस दिवस उबवते. या सगळ्या काळात नर उंबर-वडाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून त्या चिरेतून देतो. घरट्याचा सगळा काळ चार महिन्यांच्या आसपास. म्हणजे या दिवसांत मारलेला एक नर हा एक पक्षी नसतो. आत बंद असलेली मादी आणि पिल्लू त्याच्याबरोबर जातात. झाड तोडलं तरी तेच. मोठी ढोली व्हायला झाडाला कित्येक दशकं लागतात आणि ती धनेशाला स्वतः कोरता येत नाही.

पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात दोन गोष्टी झाल्या. खऱ्या चोचीच्या जागी फायबरग्लासची चोच आली. ती चालली, कारण आकार, बाक आणि रंग हुबेहूब होता आणि टोपी घालणाऱ्याला कमीपणा वाटत नव्हता. अशा बदलांत घोडं अडतं ते इथेच: नकली वस्तू नकली दिसली की समारंभाला कुणी ती घालत नाही, आणि खरी गुपचूप परत येते. दुसरी गोष्ट, २०११-१२ पासून घरटी दत्तक देण्याची योजना. न्यिशींची घोरा-आभे ही संस्था, वन खातं आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन मिळून ती चालवतात. बाहेरचा माणूस एका घरट्याच्या राखणीचा खर्च देतो, गावातला राखणदार त्या झाडावर लक्ष ठेवतो. पूर्वी शिकार करणारेच बरेच जण राखणीला आहेत आणि याहून योग्य माणसं मिळणार नाहीत, कारण ढोली कुठे असते आणि नर कधी येतो हे त्यांनाच ठाऊक. २०१५ पासून तिथे पक्के पागा हा धनेशाचा उत्सवही होतो. पागा म्हणजे न्यिशी भाषेत महाधनेश.

कथा टिपणाऱ्यांसाठी या सगळ्यातून निघणारं काही सांगायचं तर पहिलं हे की पाखराचं स्थानिक नाव लिहा, आवाज टिपा, ऋतू विचारा आणि कथा कोणत्या गावात, कोणत्या घराण्यात सांगतात ते सोडू नका. दुसरं याहून नाजूक आहे. सगळ्याच कथा सगळ्यांसाठी, सगळ्या वेळी नसतात. अमेरिकेतल्या दिने, म्हणजे नावाहो, लोकांत काही कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या असतात. विजा कडाडू लागल्या की त्या मिटवून ठेवायच्या. अशी कथा उन्हाळ्यात विचारली आणि सांगणारा गप्प राहिला तर त्याला ‘विसरला’ म्हणू नये. तो नियम पाळतोय.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरचे युरोक लोक कोंडोरला, म्हणजे तिथल्या अवाढव्य गिधाडाला, प्रेय-गो-नीश म्हणतात. पंख पसरले की जवळपास तीन मीटर. त्यांच्या मते सगळ्या पाखरांत तोच सर्वांत उंच जातो, म्हणून प्रार्थना वर नेण्याचं काम त्याचं. जग पुन्हा सावरण्यासाठी ते जे नृत्य-सोहळे करतात, त्यांत त्याची पिसं लागतात. त्यांच्या मुलखात हा पक्षी १८९२ नंतर दिसला नव्हता. १९८७ पर्यंत जगातले उरलेसुरले सगळे २७ कॅलिफोर्निया कोंडोर पिंजऱ्यात आणावे लागले होते. युरोकांच्या जाणत्यांनी २००३ मध्ये ठरवलं की जमीन सावरायची तर आधी प्रेय-गो-नीश परत आणायचा. मे २०२२ मध्ये रेडवुडच्या रानात पहिले पक्षी सोडले. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर सर्वांत आधी बाहेर पडलेल्याचं नाव पोय-वे-सोन, म्हणजे पुढे जाणारा.

कोंडोरचा मोठा वैरी शिसं. शिकाऱ्याची शिशाची गोळी हरणाच्या देहात शिरताना बारीक कणांत फुटते. आतडी रानात टाकून दिली जातात, कोंडोर ती खातो, आणि अगदी थोड्या शिशानंही त्याचं पोट लुळं पडतं. अन्न असून तो उपाशी मरतो. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर जुलै २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. युरोकांचे लोक शिकाऱ्यांशी बोलतात, तांब्याच्या गोळ्या वापरून दाखवतात आणि मोकळे सोडलेले कोंडोर ठराविक काळानं पुन्हा पकडून त्यांच्या रक्तातलं शिसं मोजतात. तरीही २०२५ च्या सुरुवातीला दीड वर्षाचा एक पक्षी मेलेला सापडला. शिशाची विषबाधा होती, आणि त्याच्या पोटात हवाई बंदुकीचा एक छर्रा निघाला.